कॉमेंट्रीतली खरखर

पहिला दगड पानठेलेवाल्यानं मारला. माणसाले नाही, खांबाले. आमच्या रेडिओ क्लबचा एरियलचा खांब म्हणजे एकाले एक बांधेल दोन बांबू, डाक्टरच्या गच्चीवर उभे, अन् शेंड्यावरून तांब्याची तार समोरच्या कडुलिंबाले गेलेली. दगड लागला तसा खांब डुलला अन् खाली गल्लीत टाळ्या पडल्या. टाळ्या! टेस्ट मॅचची कॉमेंट्री चालू होती अन् ठेल्यावरच्या रेडिओत नेमकी खरखर सुरू झाली होती. खर्रर्र, खर्रर्र, जसं कोणी पत्र्यावर करवत घासून राहिलं. आपला बॅट्समन औट झाला का चौका गेला, कोणाले समजेना.

"उतरा बे खाली, तारवाल्यायनो!" ठेलेवाला बोंबलला. "त्या बांबूची तुमच्याचसाठी तिरडी बांधतो!"

परवा कोणीतरी मले म्हणालं, अकोल्याच्या रेडिओ क्लबनं गल्लीची लय सेवा केली म्हणे. केली ना. गल्लीनं आमची काय केली तेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहून राहिलो. अन् क्लबनं माझी काय केली तेही.

क्लब म्हणजे काय, तर हौशी लोकं. घरीच सेट बनवायचा, बिनतारी, अन् टीं-टीं करून अमरावतीशी, नागपूरशी, कधी नशीब असलं तर पार समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलायचं. पण सरकारी लायसन पाहिजे. लायसनशिवाय की दाबली, म्हणजे टीं-टीं करायची ती खिटी दाबली, तर क्लब बंद अन् दाबणाराचं नाव कायमचं काळं. ऐकायले मात्र कोणाले बंदी नाही. मी ऐकणाराच होतो. घरी सरावाले एक बझर होता, त्याचा आवाज घरातल्या घरातच. आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा कोनाड्यातले देव गेले. बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा फोटो मोठ्या भिंतीवर लागला अन् कोनाडा रिकामा राहिला. तिथं मी माझा ऐकायचा सेट ठेवला, सोबत बझर, अन् मीच बनवेल की. लोखंड कापायच्या पात्याची, वर कपाटाची पितळी मूठ. माय म्हणे, "देवाच्या जागी हे काय टिकटिक करून राहिलं बाप्पा."

मले लायसन पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं की जेवताना ताटावर बोट टिकटिक करे अन् बाप हातावर मारे. नागपूरले परीक्षा असे. पण आमच्या क्लबचा रिवाज होता, दोन लायसनवाल्यायनं पोट्ट्याची हमी घ्यायची, मंगच त्याले परीक्षेले पाठवायचं. माझी एक हमी सेक्रेटरी देणार होता. सेक्रेटरी म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माणूस, चष्मेवाला, पुण्याहून शिकून आलेला. पूर्णेले पूर आला अन् तारेचे खांब पडले तवा आमचा क्लब सेट घेऊन नदीकाठी बसला होता, दिवसभर पाण्याची खबर अमरावतीले देत. बॅटरी मी वाहिली, टोंगळ्यापर्यंत, म्हणजे पार गुडघ्यापर्यंत चिखलात. पेपरात फोटो आला तो सेक्रेटरीचा. बॅटरीवर हात ठेवून.

तर गल्ली. गल्लीचा राग आधी खराच होता, हे मी नाकारत नाही. आमचा सेट चालू झाला की आजूबाजूच्या रेडिओत टीं-टीं घुसे. म्हणून डाक्टरनं, तो क्लबचा अध्यक्ष, दवाखाना खाली अन् वरची खोली आमाले दिलेली, त्यानं युक्ती काढली. रविवारी दवाखान्याच्या ओट्यावर फुकट रेडिओ रिपेरी. आमी ओट्यावर बसायचो. गल्लीतले आणत, पातूरहून एक जण बैलबंडीत गोधडीत गुंडाळून आणे, अकोटहून यष्टीनं येत. एका सेटात पालीची पिल्लं निघाली. आमी सेट दुरुस्त करायचो अन् सोबत आत उलशी तारेची गुंडाळी बसवून द्यायचो, आमची टीं-टीं आत येऊ नये म्हणून. लोकं सेट काखेत मारून जात. थँक्यू नाही, काही नाही. अन् संध्याकाळी त्याच सेटावर कॉमेंट्री ऐकत आमालेच शिव्या.

टीं-टीं गेली. पण ही खरखर नवी होती. आधी नव्हती, याच हिवाळ्यात आली. अन् ठेल्यावर सगळ्यात जास्त. ठेला दवाखान्याच्या अगदी खेटून, त्याच्या रेडिओची वायर डाक्टरच्याच मीटरवरून ओढेल. ठेल्यापाशी वकिलाचा मुन्शी उभा राहे, तो इंग्रजी कॉमेंट्रीचं मराठी करून सांगे. दुपारी चहाच्या टायमाले खरखर आली की मुन्शी हात वर करे, "आता मी तरी काय सांगू, बावा?" अन् पंचवीस माणसं एकदम वर पाहत. आमच्या खिडकीकडे.

त्या दगडानंतर सेक्रेटरीनं नियम काढला. कॉमेंट्री चालू असली की सेट बंद. नुसता बंद नाही, त्यानं क्लबची की स्क्रू खोलून काढली अन् कोटाच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी आमी वर गुपचूप बसलो. की खिशात, सेट थंड. अन् खाली?

खर्रर्रर्र.

"आले रे आले, लेकाचे!" ठेलेवाल्याचा आवाज. "मुद्दाम करून राहिले हे! मुद्दाम!"

सेक्रेटरीनं चष्मा काढला, पुसला, अन् मले पाह्यलं. खोलीत आणखी चारपाच जण होते, सगळ्यायनं मले पाह्यलं.

"क्लबची की माझ्या खिशात आहे," तो म्हणाला. "क्लबबाहेर स्वतःची की फक्त एकाकडे आहे."

"मी इथं बसून राहिलो ना तुमच्यासमोर!"

"तुम्ही आत्ता आलात. घरी काही जोडून ठेवलं असेल. तुमच्या वस्तीत वीज तरी आहे का? की बॅटरीवर?"

"ही कीची टीं-टीं नाही, साहेब. ही खरखर आहे."

"कच्च्या सेटची टीं-टीं खरखरच होते." मंग तो हळूच बोलला, समजूत काढल्यासारखा, अन् तेच मले जास्त झोंबलं. "एवढी घाई बरी नव्हे. तुमच्या लोकांचं असंच होतं. कालपरवा शिकायला लागलात, आणि आज लगेच..."

"बोला ना पुढं," मी म्हणालो. "लगेच काय? बोला, सगळे ऐकून राहिले."

त्यानं चष्मा परत डोळ्यावर चढवला. म्हणाला, खरखरीचा निकाल लागेपर्यंत माझी हमी तो देणार नाही. अन् निकाल माझ्याविरुद्ध लागला तर क्लबात यायचं नाही.

घरी गेलो तर जेवलोच नाही. मी की दाबली नव्हती! एकदाही! मनात हजारदा दाबली असेल, पण तारेवर नाही. अन् इकडे एक माणूस चष्मा पुसत पुसत माझं लायसन पुसून टाकून राहिला होता.

मंग सुचलं. कोल्ह्याची शिकार.

हा आमच्या क्लबायचा खेळ. एक जण उलसा सेट वावरात लपवते, तो कोल्हा. बाकीच्यायनं तारेची चौकट घेऊन त्याले हुडकायचं. चौकट सुपाएवढी, तिच्यावर तार गुंडाळेल, कानाले हेडफोन. चौकट फिरवता फिरवता एका जागी आवाज बुडते. तिथून सरळ रेघ मारायची. मंग दुसऱ्या जागेहून दुसरी. रेघा एकमेकीले कापतील तिथं कोल्हा. या खेळात अमरावतीच्या क्लबचा एक जण लय वस्ताद होता. लायसनवाला, फाटक्या तोंडाचा, दरवेळी अकोल्याले हरवे अन् वरून म्हणे, "अकोलेवाल्याले सोताचं घर सापडत नाही, कोल्हा काय सापडते!" मी त्याले बोलावलं. तो रविवारच्या पॅसिंजरनं आला, चौकट गळ्यात, सेट जेवणाच्या डब्यात बसवेल. मॅच चालूच होती.

"कोणाले पकडायचं आहे?" त्यानं स्टेशनावरच विचारलं.

"मले," मी म्हणालो. "किंवा मी नाही त्याले."

दुपारी आमी गल्लीत उतरलो. तो, मी अन् सेक्रेटरी. सेक्रेटरीले मी मुद्दाम सोबत घेतलं, मंग कोणी म्हणू नये. चौकट माझ्या हातात. ठेल्यावर गर्दी, मुन्शी मधात.

"आले बे, गारुडी आले!" ठेलेवाला म्हणाला. "पुंगी कुठं हाय? साप काढता का आमच्या रेडिओतला?"

"साप कोणाच्या घरात आहे ते दाखवतो," मी म्हणालो.

"दाखव, दाखव. नाही दाखवला तं तुलेच टोपलीत घालतो."

अन् खरखर सुरू झाली. ठेल्यावर शिव्या अन् माझ्या कानात कल्ला. मी चौकट फिरवली. आवाज बुडाला. अमरावतीवाल्यानं बोट लावून रेघ पाहिली. मंग आमी कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी पळालो, तिथून दुसरी रेघ. मंग विहिरीपाशी, तिथून तिसरी. अख्खी गल्ली मागं मागं. तिन्ही रेघा, मी काय सांगू, तिन्ही रेघा सरळ डाक्टरच्या घरावर!

आमच्याच खांबावर.

गल्ली अशी हसली! कोणीतरी शिट्टी मारली. ठेलेवाला तर पानाचा चुना हातात तसाच धरून नाचला. "सापडला! साप सापडला! सोताच्याच बिळात!" अमरावतीवाला खाली मान घालून हसून राहिला होता, त्याची ती जुनी म्हण खरी झाली होती. अन् सेक्रेटरी मले म्हणाला, "आता तरी कबूल करा."

माझं डोकं असं तापलं की काय. मी म्हणालो, "साहेब, चौकट कोणाच्या हातात आहे? माझ्या. मी कुठं आहे? तुमच्यासमोर. बाकीचे लायसनवाले तिथं झाडाखाली उभे. खोलीची चावी तुमच्या खिशात. मंग वर की कोण दाबून राहिलं? भूत?"

 अमरावतीवाल्याचं हसणं थांबलं. "अबे हव," तो म्हणाला. "आवाज तं अजून चालू हाय."

चालूच होता. कानात फाडून राहिला होता. अन् तवा मले कळलं आमी काय गाढवपणा करत होतो. चौकट दिशा सांगते. मजला नाही सांगत! डाक्टरचं घर म्हटलं की आमी सगळे, क्लब अन् गल्ली, एकच पाहत होतो, वरची खोली. रेडिओचा आवाज, तर रेडिओवाल्यायच्याच खोलीतून येईल. खाली कोणी पाह्यलंच नाही.

मी चौकट घेऊन दवाखान्यात घुसलो. कंपाउंडर "अरे अरे" करत राहिला. आतल्या पडद्यामागं गेलो तर कान फुटायची पाळी, हेडफोन ओढून काढला. टेबलावर ठेलेवाल्याची माय झोपेल. दोन्ही टोंगळ्यायले जाड गाद्या बांधेल, गाद्यायतून वायरी निघालेल्या, अन् बाजूले कपाटाएवढी लोखंडी मशीन गुंगुं करून राहिली. शेक द्यायची मशीन. डाक्टरनं मिलिटरीच्या भंगारातून आणली होती, याच हिवाळ्यात. साऱ्या वऱ्हाडात अशी नाही म्हणून तो सांगत फिरे.

"काय रे पोट्ट्या," बुढी म्हणाली, "हे जाळं काहून आणलं? मासे हायेत का इथं?"

मी डाक्टरले म्हणालो, "साहेब, एकदा बंद करा. एकदाच."

त्यानं खटका खाली केला. अन् खिडकीतून, स्वच्छ, काचेसारखा, ठेल्यावरचा इंग्रजी आवाज आत आला. बाहेर लोकं ओरडले, "लागलं! लागलं!" डाक्टरनं खटका वर केला. खर्रर्र. बाहेर शिव्या. त्यानं खटका पुन्हा खाली केला. एवढ्यात सेक्रेटरी अन् अमरावतीवाला मागं येऊन उभे होते. चौघायलेही समजलं. 

डाक्टर आधी बोलला. मले वाटलं होतं शिकलेला माणूस आहे, अध्यक्ष आहे, हसेल. तो म्हणाला, "हे बाहेर बोलायचं नाही. माझ्याकडे लांबून पेशंट येतात. गल्लीनं उद्या दवाखान्यावर दगड मारले तर? बाहेर गेलं तर वरची खोली रिकामी करा."

सेक्रेटरीनं मले पडद्याच्या कोपऱ्यात ओढलं. "हे पाहा," तो म्हणाला, "क्लब वाचला पाहिजे. तुम्ही बाहेर जाऊन सांगा की घरी प्रयोग करताना चुकून झालं, पुन्हा होणार नाही. माफी मागा. गल्ली शांत होईल. तुम्ही अजून तरुण आहात."

"अन् माझं लायसन?"

"पुढे पाहू."

पुढे पाहू! आता त्याले खरं माहीत होतं! मघापर्यंत तरी तो मले चोर समजत होता, ते परवडलं. आता मी चोर नाही हे माहीत असून तो मले चोर व्हायले सांगून राहिला होता. अन् डाक्टर भिंतीकडे पाहून राहिला.

मी भाईर आलो. पळतच. ओट्यावर उभा राहिलो अन् माझ्या अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढला. "ठेलेवाले! खरखर आमची नाही! तुझ्या मायच्या टोंगळ्याची आहे!"

एका क्षणात त्यानं मले गचांडीले धरलं. "माझ्या मायचं नाव घेतं?" त्याच्या हातातला चुना माझ्या शर्टावर. मुन्शी मधात पडला. मी ओरडून ओरडून सांगून राहिलो, मशीन, शेक, खटका, पण माझ्या गळ्यातून निम्मंच निघे. दुसऱ्या हातानं तो मले मारणारच होता.

"सोड त्याले."

दारात बुढी उभी होती. भिंतीले हात न लावता. मी तिले आधी पाह्यलं होतं ते ठेल्यामागच्या बाजेवर, दोन जणायनं उचलून आणलेली. आता ती पायऱ्या उतरली. एक, मंग दुसरी. सारी गल्ली पाहून राहिली.

"खरं बोलते तो," ती लेकाले म्हणाली. "मले शेक देते तवाच तुयी खरखर येते. मले आज समजलं. आता सांग, मशीन बंद करू म्हणतं का?"

ठेलेवाला मायच्या पायाकडे पाहून राहिला. माझी कॉलर त्याच्या हातातच.

"सांग ना बे! साऱ्यायसमोर सांग. तुले कॉमेंट्री पाह्यजे का चालती माय?"

मुन्शी हसला. मंग दोघंतिघं हसले. ठेलेवाल्यानं मले असं सोडलं की मी ओट्यावर आदळलो. तो ठेल्यात जाऊन बसला अन् पान लावू लागला, कोणी मागितलं नव्हतं तरी.

मले वाटलं आता कोणी म्हणेल, चुकलो गड्या. कोणी म्हटलं नाही! गल्ली डाक्टरवर भडकली, बुढीवर भडकली, अन् आमच्यावर होतीच, ती तशीच राहिली. एक जण मले म्हणे, "तुले काय गरज होती चारचौघात बाईमाणसाचे टोंगळे काढायची?" म्हणजे दोष माझाच! डाक्टरनं शब्द पाळला, खोली रिकामी करून घेतली. खांब उतरवायले क्लबातले कोणी आले नाही. मी अन् अमरावतीवाल्यानं उतरवला. तो मुद्दाम त्यासाठी पुन्हा आला होता.

बांबू खाली आणले तसा ठेलेवाला म्हणाला, "ठेवून दे ना इथंच. ताडपत्रीले कामी येतील."

"नाही," मी म्हणालो. "तिरडीले ठेवले आहेत."

दोन्ही बांबू खांद्यावर घेऊन मी बाजारातून वस्तीपर्यंत पायी गेलो. लोकं विचारत, कोण गेलं? मी म्हणे, क्लब गेला.

हमी अमरावतीवाल्यानं घेतली. त्याच्या ओळखीच्या आणखी एकानं दुसरी घेतली, त्यानं मले पाह्यलंही नव्हतं. अमरावतीवाला त्याले एवढंच म्हणाला, "खरखर चालू होती तवा चौकट याच्या हातात होती, मी सोता पाह्यलं. आणखी काय पाह्यजे?" नागपूरले मी परीक्षा दिली. पास झालो. बापानं लायसन हातात घेऊन उलटंपालटं पाह्यलं अन् म्हणाला, "यानं आता ताटावर टिकटिक बंद होईल का?"

आता खांब आमच्या वस्तीत उभा आहे. वीज अजून आली नाही, सेट मोटारच्या बॅटरीवर चालतो. ठेल्यावर खरखर अजून येते म्हणतात. आली की ठेलेवाला आवाज बारीक करते अन् गिऱ्हाइकाले सांगते, "थांबा, मायचा टाइम हाय." कोणी चूं करत नाही. तेच आमी होतो तर दगड होते. मी त्याचं पान खात नाही. मेलो तरी खाणार नाही.

सेक्रेटरीचा क्लब कॉलेजात गेला. रविवारी सकाळी तो हवेवर येते, मले ऐकू येते, अमरावतीलेही येते. मी त्याले हाक मारतो. लायसनासोबत मिळेल माझं नंबर-नाव टीं-टीं करून, सरळ, स्वच्छ, त्यानंच शिकवलं होतं तसं. तो उत्तर देत नाही. अमरावतीवाला मले सांगते, "त्याले तू चांगला ऐकू येतं, मले त्यानं सोता सांगितलं. म्हणे हात बरा आहे पोराचा." पण उत्तर नाही.

म्हणून मी दर रविवारी आधी त्यालेच हाक मारतो, मंग बाकीच्यायले. त्याले ऐकावंच लागते. कान तं काढून ठेवू शकत नाही ना.